किडनीचा लोगो लोकांना काजू वाटतो, काय करावं?

खजिनदार_कुडाळ

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत दोनदा आपटलेला. तरी एका लोगोचं लचांड माझ्या गळ्यात आलंय, म्हणून इथे विचारतोय.

कुडाळात आमचा सात जणांचा छोटा ट्रस्ट आहे. डायलिसिसवरच्या पेशंटना मदत करतो. खुद्द डायलिसिसचा खर्च सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बऱ्याच जणांचा भागतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा गावाहून यायचं-जायचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, रक्त वाढायची इंजेक्शनं, हे खिशातूनच जातं. त्याला आम्ही हातभार लावतो. माझा धाकटा भाऊ चार वर्षं मशीनवर होता. त्याला नेता-आणताना हे सगळं पाहिलं, त्यातून ट्रस्ट निघाला. भाऊ आता नाही.

इतके दिवस आमचं काम पावतीपुस्तक आणि रबरी शिक्का यांवर निभत होतं. गेल्या वर्षी एका देणगीदाराने विचारलं, तुमचा लोगो पाठवा, स्मरणिकेत छापायचाय. झालं. मीटिंग बसली. अध्यक्ष म्हणाले, दोन ओंजळी हव्यात, मदतीचा हात. डॉक्टर म्हणाले, किडनी हवीच, नाहीतर कळणार कसं? एकाला रक्ताचा थेंब हवा, एकाला उगवता सूर्य, वहिनींना पणती, सेक्रेटरींना लाल अधिकचं चिन्ह. मी म्हटलं, नोंदणी क्रमांक आत घाला, म्हणजे पावती वेगळी छापायला नको. (हो, त्या पापात मीही आहे.) अध्यक्षांच्या भाच्याने कोरलड्रॉमध्ये हे सगळं एका गोलात बसवलं. वरून गोलाकार ट्रस्टचं पूर्ण नाव, खाली 'सर्वे सन्तु निरामयाः', आणि दोन्ही बाजूंना पंखवाल्या काठीला वेटोळे घातलेले दोन-दोन साप, ते त्याच्या संगणकात तयार होते म्हणून.

सहा फुटी फ्लेक्सवर तो बरा दिसला. खोटं कशाला बोलू, मला आवडलाही होता.

मग एप्रिलमध्ये आठवडा बाजारात टेबल मांडून बसलो. मागे तो फ्लेक्स. पहिल्या तासाभरात एक आजोबा आले, डोक्यावरची गोणी धप्पकन टेबलावर ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, "बियेक काय दर लावलास?"

मला आधी कळेचना. मग मागे वळून फ्लेक्सकडे पाहिलं. तपकिरी-लालसर, मधे बाक असलेल्या दोन आकृत्या, ओंजळीत धरलेल्या. आमच्या जिल्ह्यात हे चित्र दुसऱ्या कशाचं असणार? वेंगुर्ला-७ जातीची काजूबी म्हणून खपून गेलं असतं. त्या दिवशी आणखी तिघांनी दर विचारला. एकजण तर गर म्हणजे सोललेले मिळतील का म्हणाला.

आता प्रश्न असा. पेशंटना देण्यासाठी २०० कापडी पिशव्या छापायच्यात. डायलिसिसला जाताना चादर, डबा, फाइल असं बरंच बरोबर असतं, ते एकात मावेल. त्यावर लोगो हवा. किडनी ठेवून ती काजू दिसणार नाही असं काही करता येईल का? की दुसरंच काही करू? चांगल्या आरोग्य संस्थांचे लोगो चांगले कशामुळे असतात, जाणकारांनी सांगावं. खर्च फार करता येणार नाही.

शाईवाला_इचलकरंजी

काका, तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करतोय. तुमच्यासारखा लोगो महिन्यातून एकदा तरी टेबलावर येतो. किडनीचं नंतर बघू, आधी छपाईचं ऐका.

कापडी पिशवीवर शाई पसरते. बारीक रेघ भरून जाते, दोन रेघांमधली बारीक फटही भरते. सावली, शेडिंग हे प्रकार विसरा. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, आणि एकावर एक रंग बसवताना पिशवी केसभर हलली की थेंब सूर्यात जातो. २०० नगांसाठी पाच रंग कोणी करून देईल, पण तुमचे देणगीचे पैसे शाईत जातील. एक रंग. फार तर दोन.

दुसरं, गोलात मराठी लिहू नका. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, ती वळणावर उभी राहतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. गोलात घातली की शिरोरेषा तुटते, वेलांट्या एकमेकींत घुसतात, रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. नाव सरळ एका ओळीत, चित्राच्या खाली किंवा बाजूला, जाड अक्षरात. नोंदणी क्रमांक पावतीवर ठीक आहे. पिशवीवर फोन नंबर टाका, पेशंटच्या घरच्यांना तोच लागणार.

तिसरी माझी नेहमीची परीक्षा. लोगोची झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. असं चारदा करा. चौथ्या कागदावर जे उरेल तेवढाच तुमचा लोगो.

आता जरा विषयांतर. माझे वडील पेंटर होते, भिंती रंगवायचे. लहानपणी त्यांच्याबरोबर डबा धरायला जायचो. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तुम्हाला आठवत असेलच, टोक खाली असलेला. साठच्या दशकात दीप त्यागी म्हणून सरकारी अधिकारी होते, त्यांच्या डोक्यातून तो निघाला. वडील तो कसा काढायचे सांगतो. वरची आडवी रेघ मारायची. सुतळीला खडू बांधायचा, रेघेच्या एका टोकाला अंगठ्याने सुतळी दाबून रेघेएवढ्याच मापाचा कंस खाली ओढायचा. मग दुसऱ्या टोकावरून तसाच. दोन कंस जिथे एकमेकांना कापतील ते खालचं टोक. आत लाल भरला की झालं. ना छाप, ना नमुना. बिहारमधला पेंटर असो की आमच्या शिरोळ तालुक्यातला, त्रिकोण तोच यायचा. लिहिता न येणाऱ्यालाही तो ओळखता यायचा.

आता त्रिकोणाचा आणि मुलं होण्याचा संबंध काय? काही नाही. भिंतीभिंतीवर दिसला, उपकेंद्राच्या दारावर दिसला, निरोधच्या पाकिटावर दिसला, म्हणून तो अर्थ त्याला चिकटला. आणि आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली तेव्हा त्याच त्रिकोणाची लोकांनी धास्ती घेतली. वडील सांगायचे, तेव्हा भिंत द्यायला लोक कां-कूं करायचे. चित्रात तर एक रेघ बदलली नव्हती.

म्हणून डॉक्टर म्हणतात ना, किडनी नसेल तर कळणार कसं, त्यांना सांगा, किडनी असूनही कळलं नाहीच.

काळा_कोट

इथे फक्त एका गोष्टीसाठी लिहितोय. सेक्रेटरीसाहेबांचं ते लाल अधिक आजच काढा.

पांढऱ्यावर लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नव्हे. १८६४च्या जिनेव्हा करारापासून ते युद्धातल्या वैद्यकीय पथकांचं संरक्षक चिन्ह आहे. त्याचा अर्थ 'इथे औषध मिळेल' असा नसून 'इथे गोळी झाडू नका' असा आहे. भारतात त्यासाठी १९६०चा जिनेव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट आहे. कलम १२ प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, कलम १३ प्रमाणे पाचशे रुपयांपर्यंत दंड आणि ज्या मालावर ते छापलंय तो माल जप्त. पाचशे रुपयांचं हसू येईल, पण २०० पिशव्या जप्त झाल्या तर? प्रत्यक्षात कोणी येत नाही म्हणून गल्लोगल्ली मेडिकलवाले लावतात, ती गोष्ट वेगळी. देणग्या घेणाऱ्या संस्थेने तरी लावू नये.

सापही काढा. वैद्यकाची काठी एकाच सापाची, पंख नसलेली, ती ग्रीकांच्या वैद्यकदेवाची, अ‍ॅस्क्लेपियसची. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात तीच आहे. दोन साप आणि पंख ही हर्मिसची काठी. तो व्यापाऱ्यांचा देव, आणि चोरांचाही. १९०२मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने ती घेतली, तेव्हापासून हा घोळ जगभर पसरला. खजिनदाराने तर तिच्यापासून लांबच राहावं.

खजिनदार_कुडाळ

काळा कोट साहेब, शेवटचं वाक्य मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. अध्यक्ष माझ्याकडे बघून जरा जास्तच हसले.

साप गेले, लाल अधिक गेलं. झेरॉक्सची परीक्षाही केली. चौथ्या कागदावर एक काळा गोळा आणि त्यात दोन काजू उरले. पणतीचा तर मागमूस नाही, वहिनी नाराज आहेत. डॉक्टर मात्र किडनीवर ठाम आहेत. आता त्यांनी किडनीला नळ्या जोडून आणल्यात, म्हणजे काजू वाटणार नाही म्हणे. मला ते आता देठासकट काजूचं बोंडू वाटतंय.

लीड्सचा_सातारकर

किडनीपेक्षा मला त्या ओंजळी खटकल्या. हात कोणाचे? देणाऱ्यांचे. मोठे, वर येणारे, सूर्याच्या उजेडातले. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस चित्रात कुठेच नाही, त्याचा फक्त बिघडलेला अवयव आहे.

इकडे इंग्लंडमधलं एक उदाहरण. १९५२मध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या पालकांनी वगैरे मिळून 'स्पॅस्टिक्स सोसायटी' काढली. दुकानांच्या दाराशी त्यांच्या दानपेट्या असत, मुलीच्या पुतळ्याच्या आकाराच्या. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, हातात टेडी आणि पेटी. मी इकडे आलो तोवर त्या गेल्या होत्या, पण शेजारच्या आजींना अजून आठवतात. पैसे भरपूर जमायचे त्यात, वाद नाही. पण ज्यांच्या नावाने जमायचे ती मुलं मोठी होत गेली, आणि आयुष्यभर लोक त्यांच्याकडे त्या पेटीतल्या मुलीकडे बघावं तसे बघत राहिले. 'स्पॅस्टिक' ही तर शाळेच्या मैदानावरची शिवीच झाली. शेवटी १९९४मध्ये संस्थेने नाव बदलून 'स्कोप' केलं.

उलट उदाहरण एड्सच्या लाल रिबनचं. १९९१मध्ये न्यूयॉर्कमधल्या कलाकारांच्या एका गटाने ती केली आणि मुद्दाम तिच्यावर कुणाचा हक्क ठेवला नाही. वीतभर फीत घ्यायची, एकदा दुमडायची, टाचणी लावायची. शाईवाल्यांच्या वडिलांच्या सुतळीसारखंच, कोणालाही घरी करता येईल असं.

मंगळ_गुरु_शनि

काका, नावावरून ओळखलं असेलच. माझे मशीनचे वार. चिपळूणजवळ राहते, सहा वर्षं झाली. लोगोतलं मला काही कळत नाही, पण ती पिशवी माझ्यासारख्यांनाच वापरायचीय म्हणून लिहिते.

मला एका ठिकाणाहून अशीच पिशवी मिळाली होती. कापड छान, बंद मजबूत. त्यावर दोन मोठ्या किडन्या आणि 'किडनी रुग्ण सहाय्य' असं ठळक लिहिलेलं. माझ्या डाव्या हातात फिश्चुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर, त्या हाताने ओझं उचलायचं नाही. म्हणजे पिशवी कायम उजव्या हातात. एसटीत मी चढते त्या बाजूला नेमकं ते चित्र लोकांसमोर. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईंनी पिशवी वाचली, मग माझ्या हाताकडे बघितलं, मग विचारलं, "कोणाची मिळत नाही का?" म्हणजे किडनी. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पुढे तासभर त्यांच्या जावेच्या भावाची गोष्ट ऐकली. तो वारला होता.

दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी उलटी केली. शिवण बाहेर, चित्र आत. अजून तशीच वापरते. आमच्या सेंटरला आणखी दोघांच्या पिशव्या उलट्या आहेत. आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

लीड्सच्या दादांनी रिबनचं लिहिलंय. त्यात मला एक दिसलं. ती रिबन ज्यांना आजार नाही त्यांनीही लावली. त्यामुळे एखाद्याने लावली म्हणून त्याला एड्स आहे असं कोणाला ठरवता येत नव्हतं. आमची पिशवी फक्त आम्हीच घेतो. तुमच्या सातही ट्रस्टींनी ती बाजारात भाजी आणायला नेली असती का, ते आधी विचारा.

आता तुम्ही म्हणाल, मग चित्र कशाचं हवं? मी किडनी कधी बघितलेली नाही. सोनोग्राफीच्या कागदावर दाखवतात ती राखाडी ढगासारखी असते. माझ्यासाठी हा आजार म्हणजे फुलपात्र. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. सकाळी बाटलीत मोजून ठेवते आणि फुलपात्राने घेते, ते पण अर्धं. मे महिन्यात चिपळूणच्या उकाड्यात ते अर्धं फुलपात्र हातात घेऊन मी किती वेळ बसते, ते माझ्या मुलीला विचारा. ती आता स्वतः पाणी प्यायला आत जाते, माझ्यासमोर पीत नाही.

मशीनवरच्या कोणालाही अर्धं फुलपात्र दाखवा, एका शब्दात काही सांगावं लागणार नाही. आणि बाकीच्यांना ते नुसतं पाण्याचं भांडं. पाहुणा आला की आपण आधी तेच पुढे करतो. तसलं चित्र असेल तर मी पिशवी उलटी करणार नाही.

शाईवाला_इचलकरंजी

ताई, दोन तिरक्या रेघा, वर जराशी बाहेर वळलेली कड, तळाला एक रेघ, मधे पाण्याची एक. वडील असते तर सुतळीसुद्धा काढली नसती.

काका, रेघा पेन्सिलीएवढ्या जाड ठेवा. एक रंग, गडद निळा. पाण्याचा भाग भरीव, वरचा मोकळा. शिक्क्यात, पावतीवर, फ्लेक्सवर सगळीकडे चालेल. स्क्रीनचं मी घेणार नाही, कापड आणि मजुरी तेवढी द्या.

खजिनदार_कुडाळ

उशिरा लिहितोय. मंगळ-गुरु-शनि ताईंचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं आणि मग उठून माळ्यावरची भावाची पिशवी काढली. ती कुठल्याशा बियाणे कंपनीची होती. आम्ही दिलेली चांगली पिशवी घरात घडी करून ठेवलेली सापडली, कोरी करकरीत. त्याने मला कधी काही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं जपून ठेवतोय.

मीटिंगमध्ये सगळं वाचून दाखवलं. भाजीच्या पिशवीचा प्रश्नही विचारला. कोणी काही बोललं नाही, मग डॉक्टरच म्हणाले, किडनी काढा. नाव लहान केलंय. त्यात आजाराचा उल्लेख पिशवीवर नाही, पावतीवर आहे. फोन नंबर मोठा. पिशव्या २००च्या ३०० करतोय, शंभर आम्ही आणि आमच्या ओळखीपाळखीचे विकत घेऊन वापरणार. वहिनींनी पहिल्या दहा सांगितल्या.

सेक्रेटरी म्हणाले, लोकांना पाणपोई वाटेल. वाटू दे. काजूचा दर तरी विचारणार नाहीत.

एक अडलंय. अध्यक्षांचं म्हणणं, अर्धं भांडं अपुरं दिसतं, शुभ वाटत नाही. संस्थेचं चिन्ह आहे तर काठोकाठ भरलेलं दाखवा. बाकीचे तयार आहेत, त्यांचा मान राखायचा म्हणून मी विचारतोय. भरलेलं दाखवलं तर चालेल का, ताई?

मंगळ_गुरु_शनि

अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा. आणि काठोकाठ नको म्हणावं. आमचे डॉक्टर पिशवी बघून ओरडतील.